पावडरीची केबिन

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या छोट्या कारखान्यात टेफ्लॉनची पांढरी पावडर साच्यात दाबून तिचा ओंडक्यासारखा ठोकळा करत. तो भट्टीत भाजायचा, सावकाश निववायचा आणि लेथवर चढवायचा. मग फिरत्या ठोकळ्यावरून पातं केसाहून पातळ फिल्म सोलून काढी. साचा भरायचं काम महेजबीनचं, लेथ जानरावांची.

गेल्या वर्षापर्यंत जाड पट्ट्याच निघत. पातळ फिल्मची ऑर्डर पहिल्यांदाच आली आणि ऐन मे महिन्यात तिला बारीक छिद्रं पडू लागली. गिऱ्हाइकाने दोन खेपा परत पाठवल्या. जानरावांनी तीनदा पातं बदललं, तरी छिद्रं तशीच. वीस वर्षं लेथवर काढलेला माणूस, पण जेवणाच्या सुट्टीतही कुणाशी बोलेनासा झाला.

महेजबीनचं लक्ष चाळणीकडे होतं. हिवाळ्यात मैद्यासारखी भुरभुरणारी पावडर आता गाठी धरत होती. बाहेर पंचेचाळीस, कूलर लावूनही शेडमध्ये पस्तीस. गाठींमध्ये पोकळी राहणार आणि सोलताना तीच छिद्र होऊन उघडी पडणार. पावडर थंड जागी ठेवा, असं डब्यावर छापलेलंच होतं.

ती मालकांकडे, अंकुर सरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एसीची खोली बांधायला दोन महिने तरी लागतील म्हणून सांगितलं.

"खोली हाये ना, सर," ती म्हणाली. "तुमची केबिन."

"आन् मी कुठी बसू?"

"कूलरसमोर. आमी बसतोच."

अंकुरनी लॅपटॉप उचलला.

संध्याकाळी टेबल बाहेर आलं, डबे आत गेले. दुसऱ्या दिवशी महेजबीनने केबिनमध्येच पावडर चाळली, साचाही तिथेच भरला. दाबणं, भाजणं, निवणं यात चार दिवस गेले. परत छिद्रं पडली तर, असं सोबत काम करणाऱ्या साधनाने विचारलं, तेव्हा पडणार नाहीत, एवढंच ती म्हणाली.

पाचव्या दिवशी जानरावांनी ठोकळा चढवला. वीस मीटर फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून त्यांनी वीतवीत तपासली. एकही छिद्र नव्हतं.

"म्हंजे पात्यात खोट नव्हती," ते हळूच म्हणाले.

"तुमच्या हातातही नव्हती, भाऊ."

जानरावांनी चष्मा पुसला, लेथ पुन्हा सुरू केली आणि दुसरा ठोकळा कधी देतेस म्हणून तिला विचारलं.