गोणीभर सबंध चिंच

लक्ष्मणरावांना 'नाही' म्हणता येत नसे. 'हो' म्हणायलाही त्यांना वेळ लागे आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस त्यांचं 'हो' गृहीत धरून निघून गेलेला असे. चिंचेच्या बाबतीत अगदी तसंच झालं.

वर्षाची चिंच इमारतीतल्या सहा घरांनी मिळून एकदम आणायची, ही टूम चौथ्या मजल्यावरच्या मृण्मयीची. मृण्मयी आणि तिचा नवरा पुष्कर मूळचे पुण्याचे, नोकरीसाठी दोन वर्षांपूर्वी हैदराबादला आलेले. पुण्यात त्यांच्या घरी चिंच म्हणजे आमटीपुरतं बुटुक. इथे नारायणगुड्यात राहायला आल्यावर तळमजल्यावरच्या त्रिवेणीअम्मांनी त्यांना पच्चीपुलुसू खाऊ घातलं, म्हणजे चिंचेच्या न उकळलेल्या कोळाचं, कांदामिरचीचं गार सार, आणि तेव्हापासून दोघांना त्याचं व्यसन लागलं. दर महिन्याला हिमायतनगरच्या दुकानातून चिंचेची पाकिटं आणताना मृण्मयीचा जीव जळू लागला.

"दोनशे वीस रुपये किलो, काका!" ती दारातूनच म्हणाली. "आणि मलकपेठला घाऊक बाजारात जवळजवळ निम्म्याने मिळते म्हणे. आपण सगळे मिळून एक गोणी आणू या. तुम्ही आणि पुष्कर शनिवारी जाऊन या ना. तुम्ही इथलेच, जुने हैदराबादी. तुम्हाला चिंचेतलं सगळं कळत असणार."

लक्ष्मणरावांनी तोंड उघडलं. ते मिटेपर्यंत मृण्मयी जिना चढून गेली होती.

लक्ष्मणराव इथलेच, ही गोष्ट खरी. तीन पिढ्या हैदराबादेत गेल्या होत्या. पण एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या हाताने काय विकत घेतलं असेल, तर पुस्तकं. एका कॉलेजात ते चौतीस वर्षं ग्रंथपाल होते. दर रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं बघायला जात आणि विक्रेता सांगेल ती किंमत मोजत. मग विक्रेत्यालाच कसंतरी वाटून तो एखादं पुस्तक वर फुकट देई. मीठ-मिरचीपासून तांदळापर्यंतचा सगळा कारभार त्यांच्या पत्नीचा, जयवंताबाईंचा. आणि जयवंताबाई भाचीच्या, ऋचाच्या लग्नासाठी दहा दिवस नांदेडला गेल्या होत्या.

फोन करून विचारलं असतं तर त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं असतं. पण लक्ष्मणरावांनी फोन केला नाही. इमारतीत आजवर त्यांची ओळख 'जयवंताकाकूंचे मिस्टर' एवढीच होती. आज पहिल्यांदा कोणी त्यांना 'तुम्हाला कळत असणार' असं म्हणालं होतं. ते खोटं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते आणखी थोडे दिवस टिकावं असं त्यांना फार वाटत होतं.

म्हणून त्यांनी आपल्याला जमणारी गोष्ट केली. कपाटातून घरगुती साठवणीवरचं एक जुनं पिवळं पडलेलं पुस्तक काढलं, चिंचेचं पान शोधलं आणि ग्रंथालयातल्या उरलेल्या कोऱ्या कार्डांपैकी एकावर सुवाच्य अक्षरात टिपून घेतलं: सालाची नको. ओली नको. किडकी नको. पुस्तकातलं पुढचं पान वाळवीने खाल्लेलं होतं.

शनिवारी सकाळी पुष्करने त्यांना मलकपेठच्या बाजारापाशी सोडलं आणि तो गाडी लावायला जागा शोधत फिरत राहिला. लक्ष्मणराव एकटेच आत शिरले. मिरच्यांच्या खकाण्याने तीनदा शिंकले. चौथ्या शिंकेला एका गाळ्यावरच्या जाडसर शेठने त्यांना आपणहून हाक मारली.

"आओ चचा, क्या होना?"

"इमली होना."

शेठने दोन गोण्यांची तोंडं उघडली. एकीतली चिंच चपटी, चेंदलेली, एकमेकींना चिकटून लगदा झालेली. दुसरीतली एकेक बोट सुटं, गुबगुबीत, अंगावरच्या शिरांसकट सबंध.

"ये डेढ़ सौ, वो नब्बे."

लक्ष्मणरावांनी कार्ड काढलं. "इसमें छिलका तो नै ना?"

"एक बी छिलका निकला तो गोनी वापस लाओ चचा. चाय पिला के पैसे देतूँ."

चिंच ओली नव्हती. किडकी नव्हती. लक्ष्मणराव दोन्ही गोण्यांकडे आळीपाळीने पाहत राहिले. चपटी चिंच त्यांना शिवण उसवून पानं चुरगळलेल्या पुस्तकासारखी दिसत होती. आणि ही दुसरी? बांधणी शाबूत, कोपरे धड, जशी कपाटातून आत्ता काढलेली प्रत. आणि वर साठ रुपयांनी स्वस्त!

"डेढ़ सौ वाली लेव चचा," शेठ म्हणाला. "घर में मेहनत नक्को."

महाग माल गळ्यात मारायचा हा डाव लक्ष्मणरावांनी तात्काळ ओळखला, आणि आपण तो ओळखला याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की ते आयुष्यात पहिल्यांदा बाजारात उभं राहून ठाम आवाजात बोलले. "नक्को. नब्बे वाली. तीस किलो."

परतताना पुष्कर म्हणाला, "काका, नव्वद म्हणजे फारच भारी! मृण्मयी तुमच्या पाया पडेल." लक्ष्मणराव मागच्या सीटवरच्या गोणीला हात लावून बसले होते. "दीडशेवाली दाखवत होता. मी सरळ नक्को म्हटलं," ते म्हणाले. मान जरा ताठ होती.

रविवारी पाच वाजता गच्चीवर वाटप करायचं ठरलं. तोवर गोणी लक्ष्मणरावांच्या घरात राहणार होती. जेवण झाल्यावर त्यांना आपल्या खरेदीकडे पुन्हा एकदा बघावंसं वाटलं. एक बोट उचललं, जरा चाखून बघावं म्हणून दाताखाली धरलं, आणि दाढ सणकन ठणकली.

चिंचोका.

त्यांनी दुसरं बोट दाबून पाहिलं. आत चिंचोके, एकापुढे एक सहा. तिसऱ्यात पाच. मग त्यांनी खाली बसून गोणीच्या तळापर्यंत हात घातला. तळातून काढलेल्या बोटात आठ होते.

सालाची नको, एवढं पुस्तकात होतं. चिंचोक्यांचं बहुधा वाळवीने खाल्लेल्या पानावर असावं. घरात चिंच ते रोज खात होते, पण ती बरणीतून निघायची ती काळी, मऊ, मीठ लावून गोळा केलेली. तिच्या पोटातही कधीकाळी बिया होत्या, हा विचारच त्यांना कधी शिवला नव्हता. आणि शेठ? तो तर सरळ सांगत होता. घर में मेहनत नक्को!

उद्या पाच वाजता सहा घरांसमोर ही गोणी उघडणार. उरले अठ्ठावीस तास. लक्ष्मणरावांनी खलबत्त्यातला बत्ता आणला, फरशीवर जुना टॉवेल अंथरला आणि ठोकायला सुरुवात केली. एक ठोका, बोट फुटायचं. मग शिरा ओढायच्या, चिंचोके उकरायचे. चिंच बोटांना चिकटे, बोटं चष्म्याला, चष्मा नाकाला. चार तासांनी त्यांनी काट्यावर ठेवून पाहिलं. सव्वा किलो.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

"काका, बघू ना चिंच!" मृण्मयी.

लक्ष्मणरावांनी दार वीतभर उघडलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले. "उद्या," ते म्हणाले. "ती जरा... विसावते आहे."

"ओह, सेटल व्हायला लागते का?" मृण्मयीने आदराने मान हलवली. "बघा, हे असलं आम्हाला कुठे माहीत!" आणि ती गेली.

रविवारी सकाळी त्यांनी पुन्हा बत्ता घेतला. दहाच्या सुमारास जयवंताबाईंचा फोन आला. लक्ष्मणरावांनी कोपराने स्पीकर लावला आणि एका हाताने काम चालू ठेवलं.

"जेवता ना वेळेवर? आणि हा ठक-ठक कसला आवाज?"

"कुठे काय. वरच्या मजल्यावर काहीतरी..."

"अहो, चिंच फोडताय का?"

बत्ता हवेतच थांबला. "तुला कसं कळलं?"

"मला नाही कळणार तर कोणाला? शेहेचाळीस वर्षं तोच आवाज ऐकते आहे."

लक्ष्मणरावांनी सगळं सांगून टाकलं: मृण्मयी, शेठ, कार्ड, उद्ध्वस्त दाढ. पलीकडे जयवंताबाई इतक्या हसल्या की लग्नघरातलं कोणीतरी 'काय झालं, काय झालं' असं विचारत आलं.

"मग बियांचीच घ्यायची असते!" त्या म्हणाल्या. "फोडलेल्या चिंचेत वजनासाठी पाणी मारलेलं असलं तरी कळत नाही. मी दर वर्षी हीच आणते."

"आणि... फोडतेस कधी?"

"मार्चात, दुपारी. गच्चीवर, त्रिवेणीबरोबर. तुम्ही कॉलेजात असायचात. रिटायर झालात तेव्हापासून पुस्तकात असता. मी काळे हात घेऊन तुमच्यासमोर चहा ठेवते, तुम्ही पान उलटता."

लक्ष्मणराव आपल्या काळ्या बोटांकडे पाहत राहिले. ही बोटं त्यांनी या घरात दर वर्षी पाहिली असणार. पाहिली होती का?

"आणि तीस किलो एकट्याने काय फोडताय? वेड लागलंय का? खोबरेल लावा हाताला, म्हणजे चिकटणार नाही. आणि संध्याकाळी सगळ्यांनाच बसवा. त्यांची चिंच आहे, तुमची एकट्याची नाही."

पाच वाजता गच्चीवर सतरंजी अंथरली गेली. सगळे जमले. पुष्करने गोणीचं तोंड सोडलं आणि तो वाकून बघतच राहिला. "काका, यात बिया आहेत!"

लक्ष्मणरावांचे कान तापले. पण त्यांच्या आधी त्रिवेणीअम्मा पुढे झाल्या. साठी उलटलेल्या त्या तेलुगू बाई तीस वर्षांच्या शेजाराने मराठी, हिंदी आणि तेलुगू यांची एकच भाषा करून बोलत. त्यांनी एक बोट उचललं, मोडलं, वास घेतला.

"अय्यो, अंकल! भारी आणलात. भाभीसारखीच आणलात, बिल्कुल! बिनाबीवाली में पानी मारते, मालूम? त्यात निम्मं पैसे पाण्याचं. अंकलना सगळा मालूम है."

"आणि दीडशेवाली दाखवली तर काकांनी सरळ नक्को म्हटलं," पुष्करने भर घातली. तो तेव्हा बाजाराला चौथी चक्कर मारत होता, पण परतताना हे त्याने लक्ष्मणरावांच्याच तोंडून ऐकलं होतं.

"म्हणजे काका, तुम्ही मुद्दाम बियांची घेतलीत?" मृण्मयीने डोळे मोठे केले.

सहा घरं लक्ष्मणरावांकडे बघू लागली. काही बोलायची गरजच नव्हती. ते नुसते गप्प बसले असते तरी पुरलं असतं. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ जग नेहमीच 'हो' असा करत आलं होतं. मग ते कायमचे चिंचेतले जाणकार झाले असते. पण खिशात खोबरेलाची बाटली होती, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून आणली ते त्यांना विसरता येईना.

"नाही," लक्ष्मणराव म्हणाले.

शब्द मोठ्याने बाहेर पडला. त्यांनाच दचकायला झालं.

"नाही. मला यातलं काही कळत नाही. ती सबंध दिसली, म्हणून घेतली. मला वाटलं, बांधणी चांगली आहे. बिया असतात हे मला काल दाताने कळलं. बियांची घ्यायची असते, हे आज सकाळी हिने फोनवर सांगितलं. शेहेचाळीस वर्षं ही हीच चिंच आणते आणि फोडते. ते तर मला... तेही आजच कळलं."

त्रिवेणीअम्मा सतरंजीवर फतकल मारून बसल्या आणि पोट धरून हसू लागल्या. "शेहेचाळीस साल! भाभी मला बोलत होती, त्रिवेणी, आमच्या साहेबांना चिंच झाडाला बरणीतच लागते वाटतं!"

मग सगळेच हसले. लक्ष्मणरावही हसले, कारण वाक्य खरोखरच चांगलं होतं, आणि त्यांना अशा वाक्यांची पारख होती.

"म्हणजे काल ती विसावत नव्हती?" मृण्मयीने विचारलं.

"मी फोडत होतो. सव्वा किलो झाली."

"तरीच दारात हात मागे! मला वाटलं, खांद्यांच्या वगैरे व्यायामाचा प्रकार आहे."

खोबरेलाची बाटली फिरली. कोणी बत्ता आणला, कोणी वरवंटा, पुष्करने गाडीतून हातोडी आणली आणि पहिल्याच ठोक्याला चिंचोका पाण्याच्या टाकीपर्यंत उडवला. त्रिवेणीअम्मांनी त्याच्या हातातून हातोडी काढून घेतली. "हळू, बाबा! घर बांधतो का?" मग बत्ता कसा धरायचा, शीर एका ओढीत कशी काढायची हे त्या दाखवू लागल्या. लक्ष्मणराव त्यांच्या शेजारीच बसले. जयवंता इथे कुठे बसत असे, ते त्यांनी हळूच विचारलं. त्रिवेणीअम्मांनी बोट दाखवलं, तेव्हा ते तीन वीत सरकून तिथे बसले.

अंधार पडायच्या आत काम उरकलं. तीस किलोंतून साडेसोळा किलो निव्वळ चिंच निघाली. मृण्मयीने मोबाइलवर हिशेब केला. "एकशे चौसष्ट रुपये पडली किलोला. पाकिटापेक्षा छप्पन्न रुपयांनी स्वस्त!"

"आणि अकरा माणसांची मजुरी?" पुष्करने विचारलं.

"ती धरायची नाही," मृण्मयी म्हणाली आणि मोबाइल पर्समध्ये टाकला. "पुढच्या शनिवारी मिरची आणू. काका?"

"हिला विचारून सांगतो," लक्ष्मणराव म्हणाले. या वेळी त्यांना अजिबात वेळ लागला नाही.

मंगळवारी जयवंताबाई आल्या. पिशव्या खाली ठेवायच्या आधी त्यांनी ओट्यावरची बरणी उघडली, मीठ लावून नीट वळलेल्या गोळ्यांपैकी एक हातात घेतला आणि अंगठ्याने दाबला.

"यात एक चिंचोका राहिला आहे."

"कुठे?" लक्ष्मणरावांनी हातातलं पुस्तक उपडं ठेवलं, चष्मा चढवला आणि उठून बघायला आले. बघताना त्यांचं लक्ष गोळ्याकडे कमी आणि तो धरलेल्या बोटांकडे जास्त होतं.

"शनिवारी मिरचीला मी जाणार आहे मलकपेठला," जयवंताबाई म्हणाल्या. "तुम्ही येणार का?"

"येतो की. पिशवी धरीन."

"आणि तोंड?"

"ते बंद ठेवीन," लक्ष्मणराव म्हणाले. "फक्त शेठ भेटला तर त्याची माफी मागायची आहे."