सर उभे राहिले

विकला गेला म्हणतात लोक. माझ्या नवऱ्याला! ज्या माणसाला साधी भाजीवाल्याशी घासाघीस जमत नाही, ज्याला कुणीही टोपी घालावी आणि ह्यांनी वर त्याचे आभार मानावेत, तो माणूस म्हणे शाळा विकून मोकळा झाला. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मी दूध आणायला गेले की दुकानातल्या बायका बोलता बोलता गप्प होतात. मग मीही मुद्दाम तिथंच रेंगाळते, पिशवीवरची तारीख वाचत बसते. होऊ दे त्यांची पंचाईत.

हे तरुणपणी धावायचे. शंभर मीटर. देशाच्या संघातून परदेशातही धावून आले. बंदूक वाजली की डोकं बंद, पाय चालू, असं ते पोरांना शिकवायचे. "विचार केलास की मेलास!" गुडघा गेल्यावर एका लहानशा शाळेत खेळाचे मास्तर झाले, तिथेच पुढे मुख्याध्यापक झाले, आणि शेवटी पालकांनीच हट्टानं निवडणुकीला उभं केलं. आमदार झाले तरी गळ्यातली शिट्टी सुटली नाही. एकदा भर सभागृहात गोंधळ सुरू झाला, तर ह्यांनी फुर्रकन शिट्टी वाजवली. सगळे आमदार शाळकरी पोरांसारखे जागच्या जागी गप्प! त्या दिवशी मी घरी हसून हसून लोळले होते.

गेल्या वर्षी विसरायला लागले. आधी चष्मा, मग नावं. मग एकदा ड्रायव्हरला सभागृहाऐवजी जुन्या शाळेच्या मैदानावर गाडी न्यायला लावली आणि रिकाम्या मैदानाकडे बघत बसून राहिले. डॉक्टरांनी तपासलं आणि काय ते स्पष्ट सांगितलं. हे दुखणं उलटं फिरत नाही म्हणाले.

दवाखान्याच्या जिन्यावर ह्यांनी माझा हात धरला. "कुणाला सांगायचं नाही. घे शपथ."

"अहो, पण..."

"लबाड म्हणू देत, चोर म्हणू देत. खुळा नको."

कारण मला ठाऊक होतं. माझे सासरेही असेच झाले होते. रस्त्यानं निघाले की पोरं मागे लागायची, ओरडायची, सदरा ओढायची. हे तेव्हा शाळकरी होते. वर्गातलीच पोरं होती ती. मी शपथ घेतली. एक कायदा अडवायचा राहिलाय, तेवढा अडवतो आणि राजीनामा देतो, असं ह्यांनी मला कबूल केलं.

तो कायदा लहान शाळा बंद करण्याचा होता. कमी मुलांच्या शाळांना कुलूप लावायचं आणि मुलांना लांबच्या मोठ्या शाळेत पाठवायचं. ह्यांची जुनी शाळा त्यात पहिली होती. सरकारकडे मतं कमी होती. काठावरचे काही आमदार होते, ते म्हणाले, आम्हाला त्यातलं कळत नाही, सर बसून राहिले तर आम्हीही बसून राहू. म्हणजे सगळा भार ह्यांच्यावर.

आम्ही घरी तालीम केली. हे जेवणाच्या टेबलाशी बसायचे आणि मी अध्यक्ष व्हायचे. "कायद्याच्या बाजूचे सभासद उभे राहा!" हे ढिम्म. "विरोधातले उभे राहा!" हे ताडकन उभे. "शाब्बास," मी म्हणायचे, आणि हे लाजायचे. एकदाही चुकले नाहीत, खरं सांगते.

मतदानाच्या दिवशी मी वर प्रेक्षकांच्या सज्जात बसले. घंटा वाजली, दारं लागली आणि सभागृह चिडीचूप झालं. घरी तालमीत कुकरची शिट्टी असायची, शेजारचा रेडिओ असायचा. अशी शांतता मी फक्त मैदानावर ऐकलीये, बंदूक वाजायच्या आधी. अध्यक्षांनी "कायद्याच्या बाजूचे" एवढंच म्हटलं आणि हे बंदूक वाजल्यासारखे उभे. सगळ्यांच्या आधी!

"अहो, बसा!" मी ओरडले. रक्षकानं माझा दंड धरून मला खाली बसवलं. काठावरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सर उभे राहिलेत म्हणजे काहीतरी ठरलं असणार, असं त्यांना वाटलं असेल. एकेक करून तेही उभे राहिले. कायदा झाला.

गाडीत हे म्हणाले, "मी चुकलो ना गं?"

"तिथल्या तिथे सांगायचं होतं की चूक झाली म्हणून! मत बदलून घेतात. मी विचारून ठेवलं होतं सगळं."

"चूक का झाली, असं विचारलं असतं तर?"

इतका राग आला होता ह्यांचा, आणि इतकी दया, की मी खिडकीकडे तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशी राजीनामा गेला. लोक म्हणाले, बघा, काम झालं, निघाला.

सगळ्यांचं ऐकून घेतलं मी. टिटवीचं ऐकणं जमलं नाही. टिटवी ही ह्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी. लांब पाय आणि सतत आरडाओरडा, म्हणून हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. मोठी होऊन ती त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. शाळेला कुलूप लावलं आणि त्याच दुपारी ती थेट आमच्या घरी आली.

हे व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. दिसायला अजून खणखणीत, हीच तर गोम आहे.

"सर, का?" तिनं उभ्या उभ्या विचारलं. "एवढंच सांगा. का उभे राहिलात?"

ह्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मला कळलं, ओळख पटलेली नाही. असं झालं की हे पुढाऱ्याचं हसू काढतात. ते हसू मेलं अजून बरोबर येतं. "या, बसा ना," हे म्हणाले. "घरचे सगळे बरे? काळजी करू नका, सगळं ठीक होईल."

तिचा चेहरा पडला. आयुष्यभर जिला 'टिटवे, अगं धाव, धाव' म्हटलं, तिला 'बसा'! ती वळली आणि पायऱ्या उतरून निघाली.

मी अनवाणीच मागे धावले. फाटकाशी तिला गाठलं आणि सांगून टाकलं. शपथ गेली खड्ड्यात. दुखणं, डॉक्टर, तालीम, ती शांतता, सगळं. माझ्या तोंडाला फेस आला सांगताना.

ती म्हणाली, "काकू, तुम्हीसुद्धा?"

"म्हणजे?"

"पकडला गेला की प्रत्येक पुढारी आजारी पडतो. कुणाच्या छातीत दुखतं, कुणाला चक्कर येते. सर तसे नाहीत असं मी सगळ्यांना ओरडून सांगत होते. आणि त्यांनी बायकोला पुढं केलं."

"अगं, त्यांना माहीतही नाही मी सांगतेय ते! डॉक्टरांना विचार हवं तर."

"डॉक्टर हवं ते लिहून देतात, काकू." ती रडत होती. "निदान गप्प राहिले असते तरी चाललं असतं."

तिच्या थोबाडीत मारावी आणि तिलाच मिठी मारून रडावं, असं वाटलं मला. काहीच जमलं नाही. ती गेली.

परत आले तर हे दारात उभे. डोळे लख्ख. अधूनमधून असे येतात भानावर, आणि नेमके नको तेव्हा.

"टिटवी होती ना?"

"हो."

"मी ओळखलं नाही तिला." मग माझ्या मातीनं भरलेल्या पायांकडे पाहून म्हणाले, "तू सांगितलंस."

"सांगितलं! किती दिवस ऐकून घेऊ मी?"

ह्यांनी चौकट घट्ट धरली. "आता सगळीकडे होणार. पोरं मागे लागतील. मी बाहेर कसा पडू? शपथ घेतली होतीस ना गं?" असं घाबरलेलं ह्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

तेलही गेलं होतं आणि तूपही गेलं होतं. मी म्हटलं, "घाबरू नका. तिला पटलं नाही."

"काय?"

"खोटं वाटलं तिला. तुम्ही धडधाकट आहात म्हणाली. विकले गेलात म्हणाली."

"खरंच असं म्हणाली?"

"तुमच्या गळ्याची शपथ."

ह्यांनी चौकट सोडली. मोठा श्वास घेतला. "वाचलो गं," म्हणाले, आणि कितीतरी महिन्यांनी पोटभर हसले. मग मीही हसले. दुसरं काय करणार होते मी?