पुसायचा राहिलेला ठिपका

चाळीस वर्षं मी लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढतोय. शाई, तेल, गंज, काहीही आणा. त्यामुळे माझ्याच लेकीने काढलेल्या फोटोवर डाग दिसला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

पोरगी आमच्या लाँड्रीची गाडी चालवते आणि सुट्टी मिळाली की दुर्बीण घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर जाते. एका दीर्घिकेचे, म्हणजे लांबवरच्या ताऱ्यांच्या भल्यामोठ्या घोळक्याचे, तिने तीन महिने शेकडो फोटो काढले आणि एकावर एक रचून त्यांचा एकच फोटो केला. दीर्घिका झकास आली होती. पण शेजारी एक फिकट ठिपका.

हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "कॅमेऱ्यात धूळ गेलीय. तो ठिपका पुसून द्या, नाहीतर फोटो प्रदर्शनात घेता येणार नाही."

"मग पुसून टाक की," मी म्हणालो. "लाँड्रीवाल्याच्या घरातून डागाळलेला फोटो? लोक तोंडात शेण घालतील."

"बाबा, आणि धूळ नसली तर?"

"नसली तर काय, सोनं आहे?"

दोन वर्षं ती त्या प्रदर्शनाची वाट बघत होती. तरी तिने फोटो परत घेतला, पुसला नाही. हट्टीपणा माझाच उतरलाय, दुसरं काय! मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात तिने इस्त्रीच्या टेबलावर नवे फोटो मांडले. "कॅमेरा मुद्दाम आडवा लावला. फोटोत सगळे तारे फिरले. धूळ असती तर जागच्या जागी राहिली असती. हा ठिपका ताऱ्यांबरोबर फिरला."

मी चष्मा लावला. डाग कितीही जुना असो, त्याला कड असते. याला कडच नव्हती. मधून बाहेर हळूहळू विरत गेला होता.

"हा डाग नाही," मी म्हणालो. "कुणातरी जाणत्याला पाठव."

तिने एका वेधशाळेतल्या बाईंना पाठवला. चार महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. त्यांनी मोठ्या दुर्बिणीतून पुन्हा बघितलं होतं. तो ठिपका म्हणजे मोठ्या दीर्घिकेभोवती फिरणारी एक छोटी दीर्घिका निघाली, आजवर कुठल्याच नोंदीत नसलेली. पुढे लिहिलं होतं, 'या भागाचे फोटो आमच्याकडे आधीपासून होते. पण फोटो स्वच्छ करताना आमच्याच संगणकाने ती पुसून टाकली होती.'

माझी छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटायची बाकी होती. अध्यक्ष फोटो मागायला स्वतः दुकानात आले. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं, दोनदा. शेवटची ओळ जरा जोरातच.

ते बिचारे ओशाळले. लेक कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "काका, वाईट वाटून घेऊ नका. बाबाही पुसून टाक म्हणत होते."

खरंच होतं, नाही कसं म्हणणार? मी मान डोलावली आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.