मावशींचे दोन थेंब

आमच्या प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींचे जेवढे लाड होतात, तेवढे माझ्या नवऱ्याचे घरी होत नाहीत. सदतीस अंशांची ऊब, दर दोन दिवसांनी ताजा गुलाबी खुराक आणि वाढायला साक्षात मावशी. मावशी म्हणजे पेशी सांभाळणाऱ्या आमच्या तंत्रज्ञ. वीस वर्षांत त्यांच्या हातची एकही बशी नासली नव्हती.

माझं औषध याच लाडोबांच्या मुळावर उठलं होतं. वाढायला लागणारी चरबी ही भवानी पेशी स्वतःच रांधते, आणि माझं औषध तिची चूल विझवतं. निदान कागदावर. प्रत्यक्षात तीन महिने पेशी औषध पिऊन गुटगुटीत होत होत्या.

"शुक्रवारपर्यंत एक तरी बशी मेलेली दाखव," सर म्हणाले, "नाहीतर औषध कचऱ्यात." गोड बोलणं त्यांच्या पथ्यात बसत नसावं.

बुधवारी जेवण अर्धवट टाकून परतले, तर मावशी माझ्या बश्यांत थेंब सोडत होत्या. बाटली भलतीच! माझ्या बश्यांना चरबी काढलेला खुराक द्यायचा होता. हा चरबीसकट होता.

"मावशी, हे काय?"

"अगं, बघवत नाही. दोन दिवसांत सुकून जातात बिचाऱ्या. दोन थेंब टाकले की टवटवीत होतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मी कपाळावर हात मारला. "अहो, त्यांना मारायचंय आपल्याला! तुम्ही काय बाळंतपण करताय त्यांचं?"

बोलता बोलता माझीच ट्यूब पेटली. सुकत होत्या, म्हणजे औषध चालत होतं. थेंब मिळताच सावरत होत्या, म्हणजे घरची चूल विझली की ही जात बाहेरून डबा मागवते. "माणसाच्या अंगातही हेच होत असेल, मावशी. रक्तातली चरबी ओढून घेत असतील. चूल विझवायची आणि डबाही अडवायचा!"

मावशी स्टुलावर बसल्या. "म्हणजे अंगच पोसतं यांना?"

"हो ना!"

"आमचे हे वाळून काटकी झाले होते. गाठ मात्र बाळसं धरत होती. घासाघासाला लोणी लावून भरवायचे गं मी. ते कुणाला भरवलं?"

माझी मस्करी तिथेच संपली. फार वाईट वाटलं. "त्यांनाच," मी म्हणाले. "उपाशी ठेवलं असतं तर गाठीनं त्यांच्या अंगातलंच ओरबाडलं असतं. ते आणखी लवकर गेले असते." मावशी उठल्या आणि कोऱ्या बश्या काढू लागल्या.

आम्ही दोन नव्या रांगा लावल्या. दोन्हींत औषध आणि चरबी काढलेला खुराक; खालच्या रांगेला शिवाय मावशींचे दोन थेंब. शुक्रवारी वरच्या रांगेत मुडदे पडले होते, खालची रांग धष्टपुष्ट.

सर सूक्ष्मदर्शकावरून उठलेच नाहीत. "थेंबांची कल्पना कुणाची?"

"मावशींची."

"औषध ठेवा," सर म्हणाले. "आता या खालच्यांचाही खुराक तोडून बघा."

मावशींनी चरबी काढलेली बाटली उचलली, लेबल दोनदा वाचलं आणि एकेका बशीतला खुराक बदलला.

"बसा उपाशी, मेल्यांनो," त्या म्हणाल्या, आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले.