शिवेपलीकडे ढकललेला गाडा

मित्रांनो, मी एक जुना गाडा आहे. पण मला बैल जुंपायला जाऊ नका. उभा राहिलो तरी मी बैलाच्या गुडघ्याला लागत नाही. मी मरीआईचा गाडा. माझं नाव काढलं तर तुमची आजी अजूनही तोंडावर बोट ठेवेल.

कुंडलच्या बाजूला ओढ्याकाठी एक उसाचं गाव होतं. मोठी लढाई चालू होती, घरोघरचे मुलगे पलटणीत गेले होते. त्या साली श्रावणाच्या तोंडाला गावात पटकी आली. सकाळी धडधाकट असलेली माणसं जुलाब-उलट्यांनी संध्याकाळपर्यंत संपायला लागली. पाटील लालासाहेब म्हणाले, "आईचा कोप झालाय. गाडा करा आन् तिला शिवंभाईर घालवा."

मला घडवलं ज्योतिबा सुताराने. बाभळीची चाकं तासली, चार खांब उभे केले, पुढच्या फळीवर दोन मोर कोरले. त्याची बायको आदल्या दिवशीच गेली होती, तरी त्याने मोरांचे तुरेसुद्धा सोडले नाहीत. मला वाटलं, इतक्या मायेने घडवतात म्हणजे आपल्याला गावात मानाची जागा मिळणार. किती खुळा होतो मी!

माझ्यात आईची लाकडी मूर्ती बसवली. बायांनी हिरव्या बांगड्या, खण, लिंबं वाहिली, दहीभात ठेवला. वाजतगाजत मिरवणूक निघाली. शीव आली तसं सगळ्यांनी मिळून मला पलीकडे ढकललं आणि मागे वळून न बघता पळ काढला. रीतच तशी. रोगराई गाड्यावर बसून शेजारच्या गावात जाते म्हणे. मग त्या गावानेही ओटी भरावी आणि मला पुढच्या शिवेवर लोटावं. आपली पीडा दुसऱ्याच्या दारात सोडायची, वर हात जोडायचे, आणि याला भक्ती म्हणायचं! ओढ्याला मात्र कुणी शीव दाखवली नाही. आजाऱ्यांची धुणी ओढ्यातच धुतली जात होती, आणि तेच पाणी खाली धनगरांच्या वाडीकडे वाहत होतं.

मी पडलो होतो तिथे आईचं ठाणं होतं. चार भिंती, एक दार आणि वर मोकळं आभाळ. आईला छप्पर सोसत नाही, असं लोक मानतात.

दुसऱ्या दिवशी त्या वाटेने एक गोरा साहेब आणि त्याची मडम आली. पाठीवर पिशव्या टाकून दोघं चक्क पायी चालली होती. रजेवरचा लष्करी साहेब, शिराळ्याला पंचमीचे नाग बघायला निघालेला. ते बिनछपराचं ठाणं बघून तो बुचकळ्यात पडला. कोकरं राखत बसलेल्या एका मुलीला त्याने मोडक्या हिंदीत विचारलं, "ये घर कैसे टूटा?"

"तुटलं न्हाई. आईला छप्पार नगं असतं," ती म्हणाली. साहेबाला ओ की ठो कळलं नाही.

ती चंद्रा, वाडीतल्या हरणाबाईची लेक. तिचे डोळे माझ्यावर खिळले होते ते भीतीने. मडमला वाटलं, पोरीला हे खेळणं हवंय आणि मागायला लाजतेय. तिने हसत माझी दोरी धरली. चंद्रा किंचाळत घराकडे पळाली, आणि मडम मला ओढत तिच्यामागे निघाली. चांगुलपणा होता तो, दुसरं काही नव्हतं. पण ज्या गावची रीत ठाऊक नाही तिथे चांगुलपणासुद्धा जपून करावा.

वाडीतली माणसं दिवसभरासाठी मेंढरांमागे गेली होती. हरणाबाई एकटीच दारात उभी. नवरा वारलेला, पदरात एक पोर. मला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण दारात पाहुणे होते. तिने त्यांना ताक दिलं. साहेबाने माझा, चंद्राचा आणि ठाण्यासारख्याच त्या बुटक्या दगडी घराचा फोटो काढला, आणि दोघं खुशीत निघून गेली.

"आई, ह्यो शिवंवर टाकून यिऊ?" चंद्राने विचारलं.

हरणाबाईने माझ्यातल्या मूर्तीकडे बघितलं. मग हळदीकुंकू घेऊन आली आणि म्हणाली, "पंचमीच्या तोंडाला आलीस बाई. मला न्यायला काय माह्यारचा मुराळी आला न्हाई. समदी तुला हाकलत्यात, आता मी बी हाकलू? ऱ्हा चार दिस. हितंच तुजं माह्यार."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला 'ऱ्हा' असं एकदाच कुणीतरी म्हटलं. त्या रात्री मी घरात होतो, चुलीच्या उबेत. चंद्राने माझ्या मोरांवरून बोट फिरवलं.

मग ओढ्याने आपलं काम केलं. वाडीत पटकी शिरली. हरणाबाईचा थोरला दीर आप्पासो, त्याचा कर्ता मुलगा गेला. दुःखाने वेडापिसा झालेला आप्पासो वाडी घेऊन दारात आला.

"समद्या गावानं जिला भाईर काढली, तिला तू घरात घितलीस?"

"पावनी म्हनून घितली, भावजी."

"मग तुज्या घरात कोन कसं न्हाई पडलं? आँ? आमची पोरं तिला दिलीस आन् तुजी राखलीस!"

तिलाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. विधवेने ओढ्याच्या डोहावर पाण्याला सगळ्यांच्या शेवटी यायचं, अशी वाडीची रीत. ताटकळून कंटाळलेल्या हरणाबाईने काठाच्या वाळूत झिरा उकरला होता. वाळूतून गाळून आलेलं पाणी मायलेकी प्यायच्या. ज्यांनी तिला मागे ठेवलं त्यांच्या करणीनेच ती वाचली होती, आणि वाचली हाच तिचा गुन्हा ठरला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मला ओरडून सांगायचं होतं, पण लाकडाला वाचा नसते.

एक घोंगडं आणि दोन भांडी माझ्यावर टाकून मायलेकींना वाडीच्या शिवेबाहेर घालवलं. तेव्हाही कुणी मागे वळून बघितलं नाही.

त्यांना कुठलंच गाव आत घेईना. लांबून माझे मोर दिसले की लोक दगड घेऊन धावत. "आई, हा टाकून दी की," चंद्रा रडायची. हरणाबाई म्हणायची, "मला टाकलं तवा काय वाटलं, ते मला ठावं हाय. आता मी हिला टाकू?" मात्र प्रत्येक शिवेवर आईसाठी दहीभात ठेवलेला असायचा. माणसाला भाकरीचा तुकडा न देणारे लोक गाड्याला दहीभात देत. मायलेकी त्यावरच जगल्या.

शेवटी एका शिवेवर तसंच बिनछपराचं ठाणं दिसलं. त्यात त्या थांबल्या. पाऊस लागला होता. आईला छप्पर सोसत नसेल. हरणाबाईला सोसलं असतं. ती तापाने फणफणली.

तिथेच तो साहेब आणि मडम पुन्हा भेटली, शिराळ्याहून परतताना. मला बघून मडमने टाळीच वाजवली. पोरीने खेळणं अजून जपलंय, याचा तिला कोण आनंद! चंद्राच्या हातावर गोड गोळ्या ठेवल्या, दुसरा फोटो काढला. साहेबाने विचारलं, "गाँव किधर?"

हरणाबाईने माझ्या कठड्यावर हात ठेवला. "ह्योच," ती म्हणाली.

साहेब हसला, हात हलवून दोघं गेली. हरणाबाई दुसऱ्या दिवशी गेली. पटकीने नव्हे, पावसाने.

चंद्रा माझी दोरी धरून बसून राहिली. शिवेवर माणसं येत, दहीभात ठेवून पळत. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. मग झोपेत तिच्या हातून दोरी सुटली, आणि जाग आल्यावर ती पाऊस चुकवायला लांब एका झाडाखाली जाऊन बसली. तेव्हा वाटेने जाणाऱ्या एका मेंढक्याच्या बायकोला ती दिसली. "आगं माजी बाय, कुनाची तू?" म्हणत तिने पोरीला घोंगड्यात घेतलं. दोरी सुटल्याबरोबर चंद्रा पुन्हा माणसाची पोर झाली.

मित्रांनो, गोष्ट संपताना मला जपा असं म्हणायची रीत आहे. मी म्हणणार नाही. मला फोडा, चुलीत घाला, चार भाकरी तरी भाजतील. एवढंच करा, शिवेवर दहीभात ठेवून पळण्याआधी एकदा मान वर करून बघा, गाड्याची दोरी कुणाच्या हातात आहे.