तानुकीची खरूज

"हात लावू नका!" शिमादा-सान ओरडले, पण तोवर जयमालानं पिंजऱ्याच्या गजांतून बोटं घालून जनावराच्या पाठीवरची खपली खरवडलीसुद्धा होती.

पिंजऱ्यात म्हाताऱ्या शिमादा-साननी आपल्या नाशपातीच्या बागेतून पकडून दवाखान्यात आणलेला तानुकी होता. कोल्ह्याचा हा जपानी भाऊबंद. ऐन थंडीत त्याच्या अंगावर गोधडीसारखी लव असते. याच्या शेपटीच्या टोकाला तेवढा एक झुबका शिल्लक होता. कातडी राखाडी, जाड, हत्तीच्या गुडघ्यासारखी सुरकुतलेली. डोळे खपल्यांनी चिकटलेले. बरगड्या वर आलेल्या, आणि वास असा की शिमादा-साननी नाकाला रुमाल लावला होता.

"भरदिवसा बागेत येतो," ते म्हणाले. "माणसाला भीत नाही. पिसाळलाय. देवळाखालच्या बिळातले सगळेच मारायला हवेत."

"पिसाळलेला नाही," जयमाला मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाली. "खरूज आहे. अंगावर केस नाहीत, थंडी वाजते, म्हणून उन्हाला येतो."

परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून पदवी घेऊन तिनं सांगलीकडच्या सरकारी दवाखान्यात नोकरी केली होती. नवऱ्याची, उल्हासची, बँकेनं तोक्योला बदली केली आणि ती तोक्योजवळच्या ग्योतोकु गावी दोन खोल्यांत येऊन पडली. तिची पदवी इथं चालत नव्हती. मग कुराता-सेन्सेईंच्या, म्हणजे कुराता डॉक्टरांच्या, जनावरांच्या दवाखान्यात पिंजरे धुवायचं अर्ध्या दिवसाचं काम तिनं स्वतःच जाऊन मागून घेतलं.

कुराता-सेन्सेईंनी खपली सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मान हलवली. "खरूजच. पण माला-सान, बरा करून उपयोग काय? परत बिळात जाईल, परत लागेल." त्यांनी कायमच्या झोपेच्या औषधाची बाटली काढली. ते दुष्ट नव्हते, थकले होते.

जयमाला पिंजऱ्याच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली.

"मला उपचार करू द्या. मरायचा असेल तर मरेल. आपण घाई कशाला करायची?"

"आणि साफसफाई?"

"ती करतेच आहे की!"

सेन्सेईंनी बाटली परत कपाटात ठेवली.

इंजेक्शनं, कोमट पाण्यानं खपल्या भिजवणं, डोळे पुसणं. पहिल्या दिवसांत तानुकी कोपऱ्यात अंगाचा गोळा करून पडायचा. नंतर ती आली की कान हलवू लागला. तोवर तिच्या स्वतःच्या कोपरापर्यंत लाल पुरळ उठलं होतं.

संक्रांतीचं हळदीकुंकू निशी-कसाई या तोक्योतल्या भारतीय वस्तीत स्नेहलताताईंकडे होतं. त्यांचे यजमान म्हणजे उल्हासचे साहेब. जयमाला वाण घ्यायला पुढे झाली, बांगड्या वर सरकल्या, आणि स्नेहलताताईंचं कुंकवाचं बोट हवेतच थांबलं.

"अगं, हे काय हातावर?"

"खरूज. जनावराची लागली."

कुणीतरी आपलं मूल मांडीवर ओढून घेतलं.

"माणसावर टिकत नाही ती, आपोआप जाते," जयमाला म्हणाली. "पण तुम्हांला किळस येत असेल तर नका लावू. माझं मी लावते." आणि तिनं करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन स्वतःच्या कपाळाला टेकवलं, तिळगूळ उचलला आणि सगळ्यांसमोर बसून सावकाश खाल्ला.

घरी उल्हास भडकला. "साहेबांचा फोन आला होता. लोक काय म्हणतील, जयू? इतकं शिकून तू जनावरांची घाण काढतेस!"

"शिकले म्हणूनच काढते. तिकडे सांगलीच्या दवाखान्यात काय अत्तर लावत होते?"

"ते काम सोड."

"नाही सोडणार."

तिचा आवाज चढला नव्हता. उल्हास टीव्ही लावून बसला.

फेब्रुवारीत तानुकीच्या पाठीवर मऊ, करडी लव दिसू लागली. डोळे स्वच्छ झाले. सेन्सेईसुद्धा येता-जाता त्याला सफरचंदाची फोड टाकू लागले. आणि एका सकाळी जयमाला आली तर तो आडवा पडलेला. अंग थंड. जीभ निळी.

तिनं त्याला पिंजऱ्यातून बाहेर काढलं. मग म्हणाली, "उघडून बघायचाय मला."

सेन्सेईंनी टेबल मोकळं करून दिलं. किती वर्षांनी तिच्या हातात सुरी आली होती. हृदयाचा उजवा कप्पा उघडला आणि आतून शेवयांसारखे लांब, पांढरे जंत बाहेर आले. डासांनी दिलेले, खरजेच्या कितीतरी आधीचे. बाहेरून कुणाला दिसलेच नसते. तिनं सगळं जागच्या जागी ठेवून कातडी शिवली.

शिमादा-सान बिळातले बाकीचे पकडायला नवा पिंजरा मागायला आले होते. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले. "फुकट गेली मेहनत."

"हृदयातल्या जंतांनी मेला. खरूज बरी झाली होती. बघा." तिनं त्यांचा हात धरून त्या नव्या केसांवर ठेवला. म्हातारा दचकला, पण हात काढला नाही. "तुमच्या बागेच्या कडेला सडकी फळं टाकता ना? तिथं सगळे एकत्र येतात, एकमेकांना खरूज देतात. फळं पुरा. जनावरं मारून खरूज संपणार नाही."

सेन्सेई हळूच म्हणाले, "मेलेलं रानटी जनावर जाळायच्या कचऱ्यात द्यायचं असतं, माला-सान. पालिकेचा नियम आहे."

"कचऱ्यात नाही." तिनं तानुकी ठेवलेला खोका छातीशी धरला. "मी नाही देणार."

ती दारात तशीच उभी. शेवटी शिमादा-साननी टोपी डोक्यावर ओढली. "चला. माझी जागा आहे."

नाशपातीच्या बागेत ओळीनं छाटलेली झाडं होती. कुंपणाजवळ शिमादा-सान खणू लागले. गोठलेल्या मातीवर फावडं खणखणत होतं. ढोपरभर खड्डा झाल्यावर ते थांबले, घाम पुसला आणि खोक्यासाठी हात पुढे केला.

जयमालानं वाकून खड्ड्यात पाहिलं.

"अजून खोल," ती म्हणाली. "कुत्री उकरतील."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. मग फावडं पुन्हा मातीत घातलं.