सिस्टर पायल, डॉमिनीअरिंग

निळा शिक्का, पॅडवर उपडा.

सात माणसं, चार डबे, एक सतरंजी. पेशंट एकच.

अकोल्याची एसटी सुटली, मागे कंडक्टर पळतोय.

हेरिश.

आता नीट सांगतो. सुगत अमरावतीत जर्मन शिकवायचा आणि कागदपत्रांचे अनुवाद करून त्यांवर शिक्का मारायचा. समोर पायल बसली होती, अकोल्याच्या एका खासगी दवाखान्यातली सिस्टर. जर्मनीतल्या एका इस्पितळात तिची नोकरी जवळजवळ ठरलेली. फक्त शिफारसपत्र जायचं राहिलं होतं. ते मेट्रन सत्यवतीबाईंनी इंग्रजीत, मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं. त्यात एक वाक्य: पायल ही आमच्याकडची सर्वांत डॉमिनीअरिंग सिस्टर.

‘‘जर्मनमध्ये याले हेरिश म्हणतात,’’ सुगत म्हणाला. ‘‘सगळ्यायवर हुकूम गाजवणारी. शिवी नाही, पण शिवीच्या शेजारच्या घरात राहते.’’

‘‘मंग दुसरा शब्द टाका ना सर! खंबीर, कर्तबगार...’’

‘‘शिक्का माहा आहे. जे लिहिलं तेच लिहा लागते.’’

‘‘एका शब्दापायी माही नोकरी घालवता काय?’’

सुगतनं मेट्रनबाईंना फोन लावला.

‘‘कावून, काय चुकलं?’’ बाई गरजल्या. ‘‘आपल्याकडे एक पेशंट भरती झाला का अर्धं गाव वॉर्डात जेवाले बसते. सतरंजी टाकून! हे पोरगी एकटी उठवते सगळ्यायले. एकदा तं सरपंचाले भरल्या ताटावरून उठवलं. याले डॉमिनीअरिंग नाही तं काय म्हणता तुमच्या जर्मनीत?’’

‘‘मॅडम, शब्द जरा नरम करून दुसरं पत्र...’’

‘‘शब्द बदलणार नाही. पाहिजे तं सरपंच वाढवा!’’

बाईंनी सरपंचाचा किस्सा पत्राखाली लिहिला, पुन्हा सही ठोकली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सुगतनं तो जर्मनमध्ये उतरवला. भरल्या ताटावरून उठवणं म्हणजे इकडे काय असतं, ते काही त्या भाषेत मावेना. तसंच राहू दिलं. शब्द हेरिशच ठेवला. शिक्का मारला.

‘‘गेली माही जर्मनी,’’ पायल म्हणाली. दारात गर्दी करून उभे असलेले विद्यार्थी तिनं नुसत्या नजरेनं बाजूला केले आणि ती बसस्टँडकडे निघाली. तिथं तिच्या एका हुकमासरशी ड्रायव्हरनं अकोल्याची एसटी काढली, कंडक्टर खाली राहिला तरी.

ऑनलाइन मुलाखत त्याआधी महिनाभर झाली होती, आणि जर्मनीतल्या इस्पितळाच्या बाईंनी पायलच्या नावापुढे लिहिलं होतं: फार मवाळ वाटते, वॉर्ड सांभाळेल का ते पत्र पाहून ठरवावे.